दस्तुरीपासून बाजारापर्यंत बावीस क्रियापदं

त्या वर्षीचा माझा दहावीचा निकाल असा होता. गणितात दीडशेपैकी एकशे एकतीस, इंग्रजीत शंभरपैकी सव्वीस. पास व्हायला पस्तीस लागत, म्हणजे नऊ कमी. गुणपत्रिका दिली तेव्हा बाबा ओटीवर बसून पायाच्या भेगांना कोकमाचं तेल चोळत होते. त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती, आकडे येत. दोन्ही आकडे त्यांनी नीट पाहिले आणि म्हणाले, "नऊच कमी हायेत ना? मग गणितातलं उचलून तिकडं नाय का टाकलं त्यांनी?" मी म्हणालो, तसं करत नाहीत. "का रं? पोरगा एकच हाय ना?"  खरं सांगायचं तर हा हिशेब मला आजही पटतो.

आमचं घर नेरळजवळच्या पोशीरला. पावसाळ्याचे चार महिने बाबा भातशेती करत आणि उरलेले आठ महिने माथेरानला हातरिक्षा ओढत. वर मोटार चालत नाही, त्यामुळे दस्तुरीच्या नाक्यावर माणसं उतरली की पुढे घोडा, पाय किंवा हातरिक्षा. एका रिक्षाला तीन माणसं लागतात, एक पुढे ओढायला आणि दोन मागून ढकलायला. पुढे बाबा, मागे डाव्या अंगाला चंदरकाका, उजव्या अंगाला गोमा. चंदरकाका आमच्याच गावचे, बोलके, दिवसभर कुणाची ना कुणाची खोड काढणारे. गोमा डोंगराच्या अंगच्या ठाकूरवाडीतला. तो दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत असेल, पण त्याचा हात चाकाच्या मागे आहे म्हटलं की बाबा निर्धास्त असत. त्या पावसाळ्यात गोमाचा गुडघा गेला. सपाटीवर तो चाले, चढावर पाय धरत असे. तो कसाबसा नाताळपर्यंत काढेल, त्यानंतर तिसरा माणूस शोधावा लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी सोळा वर्षांचा, अंगाने बरा आणि नापास. शोधायला फार लांब जायची गरज नव्हती.

दुसरीकडे माझा मामा रसायनीला एका केमिकल कारखान्यात होता. तिथल्या प्रयोगशाळेत शिकाऊ मुलं घेत, मोजमापाची कामं शिकवत. अट एकच, दहावी पास. मामाने शब्द टाकून ठेवला होता, पण तो नवीन वर्षापर्यंतचा. बाबांनी मला एकदाच सांगितलं, लावणीच्या चिखलात उभं राहून, हातातली रोपांची मूठ रोवता रोवता. "ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटलास तर रसायनी. नाय सुटलास तर नाताळापास्नं गोमाची जागा. मी रागावून नाय बोलत. तिसरा माणूस लागतोच." मागून आई म्हणाली, "सुटंल तो." बाबा म्हणाले, "सुटला तर मला काय नको हाय का?" आणि पुढची मूठ घेतली.

कर्जतला वैद्य बाई राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, घराला लांबलचक ओसरी. दर वर्षी ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेला बसणाऱ्या मुलांना त्या इंग्रजी शिकवत आणि त्याबद्दल काही घेत नसत. अट इतकीच की उशीर करायचा नाही. आम्ही सहा जण होतो. मी पोशीरहून नेरळपर्यंत चालत आणि पुढे एसटीने जाई. पहिल्याच दिवशी बाईंनी माझी जुनी वही चाळली आणि दोन मिनिटांत दुखणं सांगितलं. मराठीत आपण 'वाचायला आवडतं', 'जायला टाळाटाळ करतो' असं बोलतो, म्हणून इंग्रजीत क्रियापद आलं की माझा हात आपोआप पुढे 'टु' लिहून मोकळा होई. एन्जॉय टु रीड, अव्हॉइड टु गो, फिनिश टु ईट. बाई म्हणाल्या, "हा 'टु' तू मिठासारखा टाकतोस. काही क्रियापदांना तो चालत नाही. त्यांच्यापुढे 'इंग' लागतं. त्यांची यादी देते, पाठ कर." यादीत बावीस क्रियापदं होती. एन्जॉय, अव्हॉइड, माइंड, कीप, सजेस्ट, रिस्क, अशी. ऑक्टोबरच्या पेपरात याच गोष्टीवर हमखास प्रश्न येतील, असा बाईंचा होरा होता.

पाठ करणं हे माझं हुकमी काम. तीसपर्यंतचे पाढे मी चौथीत म्हणत होतो, साडेतीन आणि पावाचे, म्हणजे औटकी आणि पावकीसुद्धा. मी बावीसही शब्दांना नंबर दिले आणि पाढ्यासारखी चाल लावली. संध्याकाळी आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या थापत असे. बाहेर बेडूक, कौलांवर पाऊस, तव्यावर सुक्या बोंबलाचा वास, आणि मी खांबाला टेकून एक एन्जॉय, दोन अव्हॉइड, तीन माइंड. चार दिवसांत आईलाही क्रम पाठ झाला. शाळेची पायरी न चढलेली माझी आई, हातावरची भाकरी न थांबवता म्हणे, "पंधरा झाला, सोळा कुठं गेला?" सोळा सजेस्ट होता आणि तोच माझा नेहमी सुटायचा. वालाचं बिरडं वाढताना ती मुद्दाम मधूनच विचारी, "अकरा काय रं?" मी घास तोंडात ठेवून सांगत असे. मला वाटलं, झालं, किल्ला सर झाला.

पंधरा दिवसांनी बाईंनी तोंडी घेतलं. "फिनिश वापरून वाक्य कर." मी ताठ उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, तो नऊ नंबर." पाचही जण हसले. बाई हसल्या नाहीत. "नंबर बरोबर आहे. वाक्य?" मी म्हणालो, "आय फिनिश टु ईट." यादी संपूर्ण येत होती, बावीसपैकी बावीस, आणि वाक्य एकही येत नव्हतं. बाईंनी लेखी घेतलं तेव्हा वीसपैकी तीन पडले. घरी मी खरा आकडा सांगितला. आकड्याशी खोटं बोलायची मला तेव्हाही सवय नव्हती. आईने त्या संध्याकाळी अकरा नंबर विचारला नाही.

गणपती गेले, पाऊस ओसरला आणि वर माणसं यायला लागली. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. गोमाचा गुडघा सुजला म्हणून बाबा मला दोन दिवस सोबत घेऊन गेले. उजवं अंग कसं धरायचं ते आत्ताच बघून ठेव, असं काही ते म्हणाले नाहीत, पण मला कळलं. आम्ही नेरळहून पायवाटेने चढलो. तांबड्या मातीत पाय बुडत होते, आणि मला आठवतं, मी सगळ्या वाटेभर मनात सव्वीस अधिक नऊ, सव्वीस अधिक नऊ करत होतो.

पहिलीच सवारी एका परदेशी जोडप्याची होती. बाई जाडजूड, हसऱ्या, सारख्या पुढे वाकून दरी बघायच्या. उतार लागला. उतारावर बसणारा पुढे कलला की सगळं वजन पुढच्या माणसाच्या मनगटांवर येतं. मागचे दोघे कितीही धरोत, चाकं आपलंच म्हणणं चालवतात. बाबांनी मान न वळवता, सपाट आवाजात म्हटलं, "मॅडम, डू यू माइंड सिटिंग बॅक?" बाई मागे बसल्या. पुढच्या वळणावर साहेब उभे राहायला लागले. बाबा म्हणाले, "सर, डोन्ट रिस्क स्टँडिंग." खडी आली तिथे, "प्लीज कीप होल्डिंग." शेवटच्या उभ्या चढाच्या पायथ्याशी रिक्षा थांबवून, घाम पुसत, अगदी अदबीने, "आय सजेस्ट वॉकिंग, ओन्ली धिस मच." सजेस्ट. सोळा नंबर. मी चाक धरायचं विसरलो, तसे चंदरकाका ओरडले, "ए मास्तर, ढकल की. इंग्रजी काय फुकट जात नाय."

सवारी उतरल्यावर मी बाबांना विचारलं, तुम्हाला इंग्रजी येतं? "छे रं. माजी अकरा वाक्यं हायेत. रस्त्याला तेवडीच लागतात." मी ती एकेक करून म्हणायला लावली आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवली. अकरापैकी आठांत 'इंग' होतं आणि आठही जागच्या जागी बरोबर होतं. उरलेल्या तिनांपैकी एक 'मंकी व्हेरी थीफ' असं होतं, ते यादीत बसत नव्हतं. कुठे शिकलात म्हणून विचारलं तर म्हणाले, एक म्हातारी पारशीण दर उन्हाळ्यात महिनाभर यायची. तिला बाबांचीच रिक्षा लागे. बाबा 'माइंड टु सिट' म्हणाले की ती छत्री टेकत खाली उतरे आणि चालायला लागे. बरोबर बोललं की परत बसे. "दोन उन्हाळे लागले मला," बाबा म्हणाले. "म्हातारी चांगली पायी चालायची. लोकांना वाटायचं, आमीच तिला उतरवली."

आज हे लिहिताना मला माझीच गंमत वाटते. सोळा वर्षं मी त्या माणसाच्या घरात जेवलो, आणि तो आठ महिने बाहेर काय बोलतो हे मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. घरी ते पावसापाण्याचं बोलत, बैलाचं बोलत. वरचं वरच ठेवून येत.

सोमवारी मी वही वैद्य बाईंना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "वडिलांना घेऊन ये." बाबा तयार होईनात. "मी काय आता पोरांत बसू?" शेवटी आईने त्यांच्या हातात घरच्या भेंड्यांची पिशवी दिली आणि सांगितलं, ही बाईंना नेऊन द्या, पोराला फुकट शिकवतात. भेंड्या द्यायला जाणं वेगळं. बाबा आले. पायरीखाली चपला काढून उभे राहिले आणि खुर्चीवर बसायला काही केल्या तयार झाले नाहीत. मग बाईच त्या खुर्चीवर बसल्या. "मी तुमची सवारी," त्या म्हणाल्या. "चला, दस्तुरीहून निघालो."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, उरलेल्या पाच मुलांकडे बघितलं, मग खुर्चीपुढे पाठ करून उभे राहिले. दोन्ही मुठी कमरेपाशी बांधल्या. एकदा मुठी बांधल्यावर त्यांना ओसरी दिसत नसावी. "हितं उतार," ते म्हणाले, आणि पहिलं वाक्य आलं. "हितं खडी." दुसरं. "हितं दरी दिसती, लोक उठतात." तिसरं. आठच्या आठ वाक्यं त्यांनी त्या ओसरीवर उभ्याने म्हटली, कुठेही अडखळले नाहीत. सगळी मुलं खाली माना घालून उतरवून घेत होती. माझ्या शेजारचा, जो नऊ नंबरला सर्वांत मोठ्याने हसला होता, तो हळूच म्हणाला, "परत सांगायला सांग ना." माझे बाबा परत म्हणाले. बाईंनी विचारलं, "इथे 'टु सिट' का नाही म्हणत तुम्ही?" बाबा म्हणाले, "ते काय मला ठावं नाय, बाई. चुकलं की म्हातारी उतरायची. मग गाडी रिकामी." बाई मोठ्याने हसल्या, आणि मग त्यांनी माझी यादी घेतली आणि पेन्सिलीने बावीसही नंबर खोडले. "नंबराच्या जागी रस्ता लिही," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाला एक जागा दे. आठ तुझ्याकडे तयार आहेत. चौदा राहिली."

मग चौदा जागा शोधणं हे काम झालं. उरलेल्या दोन्ही रविवारी मी वर गेलो आणि गोमाच्या बाजूने रिक्षाला हात लावत चाललो. बाबांना मी आधी शब्दाचा अर्थ सांगे, मग ते आणि चंदरकाका मिळून जागा ठरवत. 'पोस्टपोन' पाण्याच्या टाकीपाशी, कारण तिथे विडी ओढणं रोज पुढे ढकललं जाई. 'मिस' घोड्यांच्या थांब्याजवळ, कारण चंदरकाकांचं तिथे घोडं होतं, ते विकावं लागलं होतं, आणि त्यावर बसण्याची त्यांना अजून आठवण येई. 'इमॅजिन' कड्यापाशी, तिथे धुकं असलं की समोर काहीच दिसत नाही आणि सवारीला कल्पनाच करावी लागते. सर्वांत जास्त वेळ दोन शब्दांनी खाल्ला, 'ॲडमिट' आणि 'डिनाय'. मी सांगितलं, एक म्हणजे कबूल करणं, दुसरं म्हणजे नाकारणं. हे ऐकताच गोमा रिक्षामागून म्हणाला, "ब्याग."

त्यामागची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या रुळांजवळच्या वळणावर एका सवारीची बॅग दरीत गेली. चंदरकाका म्हणत, ती माकडाने ओढली. बाबांनी त्यावर कधी वाद घातला नव्हता. "जागा ठरली," बाबा म्हणाले. "त्या वळणाला चंदर डिनाय करतो." चंदरकाका म्हणाले, "करतोच. आय डिनाय... काय रं पुढं?" मी म्हणालो, ड्रॉपिंग. "आय डिनाय ड्रॉपिंग. लिव तुज्या वहीत." गोमा शांतपणे म्हणाला, "मी बगितली. टाकलीस तू." "माकड होतं, गोमा." "माकडाच्या पायात चप्पल होती." बाबांना हसून हसून दांड्या खाली टेकवाव्या लागल्या. सवारी मराठीच होती, त्यांनाही कळलं आणि तेही हसले. पुढच्या फेरीला त्याच वळणावर चंदरकाका आपण होऊन म्हणाले, "ॲडमिट ड्रॉपिंग. घे. दोन्ही शब्द झालं तुजं. आता पास हो, नाय तर ती ब्याग शोधाया तुलाच दरीत सोडतो."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी दस्तुरीपासून बाजारापर्यंत बावीस जागा भरल्या होत्या. घरी आईने भाकरी थापता थापता विचारलं, "टाकीपाशी काय?" मी पूर्ण वाक्य सांगितलं. ती समाधानाने म्हणाली, "आता जरा बोलल्यागत वाटतं. आधीचं नुसतं हजेरी घेतल्यागत होतं."

परीक्षेत प्रश्नपत्रिका उलटल्यावर मला बाकावर मातीचा वास आला, असं मी म्हणणार नाही. तसं काही झालं नाही. पेनाची शाई तेवढी गळत होती. पण चौथ्या प्रश्नात पाच क्रियापदं दिली होती, वाक्यं करा म्हणून, आणि त्यात डिनाय होतं. मी लिहिलं, माय अंकल डिनाइज ड्रॉपिंग द बॅग. मग सजेस्ट, तो उभा चढ. मग अव्हॉइड, मग कीप. पाचवं इमॅजिन. एकाही वाक्यात 'टु' पडला नाही. पुढे निबंध आला, 'माझ्या गावाजवळची एक जागा', तर मी माथेरानच्या रस्त्यावरून सवारी नेल्यासारखा दीड पान चालत गेलो. उत्तरपत्रिका देताना मी अंदाज केला, कमीत कमी चव्वेचाळीस.

निकाल डिसेंबरात लागला, नाताळची गर्दी सुरू व्हायच्या आतच. नेरळच्या शाळेत कारकुनाने यादीवर बोट ठेवून दाखवलं. अठ्ठावन्न. मी दोनदा बघितलं, नंबर जुळवला, मग त्याला यादी माझ्याकडे वळवायला लावून तिसऱ्यांदा बघितलं. सव्वीसचे अठ्ठावन्न म्हणजे बत्तीस वाढले होते, आणि लागत होते फक्त नऊ. वैद्य बाईंकडे जायला हवं होतं, घरी आईकडे जायला हवं होतं. मी दोन्ही सोडून डोंगराला लागलो. एरवी दोन तास लागणारी वाट मी सव्वा तासात चढलो.

दस्तुरीच्या पुढे, दुसऱ्या चढावर ते मला दिसले. रिक्षा भरलेली होती, आत एक वयस्कर गोरे साहेब आणि त्यांची बायको. चढावर रिक्षा मध्येच थांबवता येत नाही, थांबवली की परत उचलायला दुप्पट जोर लागतो. म्हणून मी बाबांच्या बाजूने पळत राहिलो आणि धापा टाकत म्हणालो, "अठ्ठावन्न." बाबांची मान खाली होती. ओढता ओढताच त्यांनी विचारलं, "किती लागतात?" "पस्तीस."  मागून चंदरकाका ओरडले, "अठ्ठावन्न म्हणतोय तो, अठ्ठावन्न. ऐकलंस का, गोमा?" गोमा म्हणाला, "ऐकला." साहेबांनी काही विचारलं, काय झालं, कुणी आजारी आहे का, असं काहीसं. बाबांनी तेव्हा मान वर केली. रस्त्याला न लागणारं, कुणीही न शिकवलेलं एक वाक्य त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं आणि सगळ्या झाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर, माय सन फिनिश फेलिंग."

साहेब आणि त्यांची बायको टाळ्या वाजवायला लागले. बाई आनंदाने पुढे झुकल्या आणि रिक्षा एका अंगाला कलली. गोमाचा गुडघा लटपटलेला मला दिसला. मी मागे धावलो, त्याला बाजूला घेतलं आणि उजव्या अंगाला दोन्ही हात लावले. "ढकल रं," चंदरकाका म्हणाले, "पास झालास तरी चढ तेवडाच हाय." मी ढकललं. गोमा माझ्या शेजारून मोकळ्या हातांनी, लंगडत, हसत चालला होता. पुढे बाबा ओढत होते, आणि त्या चढावर, मला चांगलं आठवतं, दांड्या धरलेले त्यांचे हात जवळजवळ सैल होते.